नामुगोंगोचे संत आणि ‘परकी’ माणसं

युगांडात कंपाला शहराच्या ईशान्येला नामुगोंगो आहे. दर वर्षी ३ जूनला तिथं लाखो भाविकांची रीघ लागते. केनिया, टांझानिया, रवांडातून पायी वारी करत येणारेही पुष्कळ. १८८६ साली याच दिवशी बुगांडाचा कबाका, म्हणजे राजा, दुसरा म्वांगा यानं दरबारातल्या ख्रिस्ती झालेल्या तरुण सेवकांना बोरूच्या चटयांत गुंडाळून जिवंत जाळलं. त्यांचा म्होरक्या चार्ल्स ल्वांगा पंचविशीतला, सर्वांत धाकटा किझिटो जेमतेम चौदा वर्षांचा. त्या छळात मेलेल्या २२ कॅथलिकांना १९६४ मध्ये पोप पॉल सहावे यांनी संतपद दिलं. ३ जूनला युगांडात सार्वजनिक सुट्टी असते.

म्वांगा का पिसाळला? गोऱ्यांच्या हालचालींनी तो धास्तावला होता, सेवकांची निष्ठा सिंहासनाकडून येशूकडे सरकत होती, ही कारणं आहेतच. पण मिशनऱ्यांच्या नोंदींत आणखी एक कारण ठसठशीतपणे येतं. राजाला या पोरांशी शरीरसंबंध हवा असे, आणि बाप्तिस्मा घेतल्यावर ती नकार देऊ लागली. कुठल्या कारणाला किती वजन द्यायचं यावर इतिहासकारांचं एकमत नाही. तिढा आहे तो वेगळाच. मे २०२३ मध्ये याच देशाचे अध्यक्ष योवेरी मुसेवेनी यांनी समलैंगिकताविरोधी कायद्यावर सही केली. समलिंगी संबंधांना जन्मठेप, आणि कायद्यानं ‘गंभीर’ ठरवलेल्या प्रकारांना थेट मृत्युदंड. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं कायदा बहुतांशी कायम ठेवला. समर्थकांचा मुद्दा एकच : ही पाश्चात्त्यांची थेरं, आफ्रिकेत असलं काही नव्हतं. मग म्वांगा कुठला होता? त्याला अरब व्यापाऱ्यांनी बिघडवलं, हे यावरचं ठरलेलं उत्तर. म्हणजे राजाची वासना बाहेरून आलेली, आणि ती नाकारायला शिकवणारा, बोटीतून नुकताच उतरलेला धर्म मात्र अस्सल मातीतला!

कायद्याच्या कुळीचंही तसंच. पूर्व आफ्रिकेत कारभार थाटताना ब्रिटिशांनी भारतात तयार असलेले कायदे उचलून तिकडे लावले. झांझिबारच्या ब्रिटिश वकिलातीच्या न्यायालयातली अपिलं तर एके काळी मुंबई उच्च न्यायालयात येत. मेकॉलेच्या मसुद्यातून निघालेलं भारतीय दंडसंहितेचं कलम ३७७ अशा वाटेनं समुद्रापार गेलं. पुढे तिथल्या संहिता बदलल्या, पण ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संभोगाचा गुन्हा राहिला. कंपालातल्या मकेरेरे विद्यापीठाच्या कायदेपंडित सिल्विया तमाले यांनी बायबल आणि कुराणही आफ्रिकेत बाहेरूनच आलं, याची आठवण वारंवार करून दिली आहे. समलैंगिकांची बाजू घेतली म्हणून २००३ मध्ये एका दैनिकाच्या वाचकांनी त्यांना वर्षातली सर्वांत वाईट बाई ठरवलं होतं. पुढच्याच वर्षी त्या विधी विभागाच्या अधिष्ठाता झाल्या.

‘नव्हतं’ म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला ‘होतं’चे पुरावे गोळा झाले, आणि ते भक्कम आहेत. एव्हान्स-प्रिचर्ड या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञानं १९२०च्या दशकात मध्य आफ्रिकेतल्या झांडे लोकांत राहून नोंदवलं होतं, की तिथले अविवाहित योद्धे मुलांशी रीतसर लग्न लावत. मुलाच्या आईबापांना वधूमूल्य म्हणून भाले द्यायचे आणि त्यांना सासूसासरे मानायचं. या माहितीवरचा स्वतंत्र लेख त्यांनी छापला थेट १९७० मध्ये. पण ती ‘बायको’ बारा ते वीस वर्षांची असे. हा दाखला कोणी समतेच्या लढ्यात फडकवू लागलं, तर मला तरी अवघडल्यासारखं होतं. भूतकाळाला साक्षीला बोलावलं, की तो दोन्ही वकिलांना हवं ते थोडं थोडं देतो.

शिवाय ‘आफ्रिकी संस्कृती’ असं एकवचनात बोलायचं कशाच्या बळावर? बेनिनचे तत्त्वज्ञ पाउलिन हुंतोंजी यांनी १९७०च्या दशकातच या सवयीवर कोरडे ओढले. अख्खी जमात, अख्खा खंड एकाच मतानं विचार करतो, ही त्यांच्या लेखी युरोपीय अभ्यासकांची कल्पना. ती रुजवणारं ‘बांटू तत्त्वज्ञान’ १९४५ मध्ये लिहिणारे टेम्पल्स हे बेल्जियन मिशनरी होते. ‘आम्हा आफ्रिकनांना हे मान्य नाही’ असं संसदेत गरजणारा खासदार नकळत टेम्पल्सचीच री ओढत असतो.

म्हणून सगळाच विरोध उसना आहे, असं मात्र नाही. त्यातला एक धागा जुना आणि खोल आहे. केनियाचे जॉन म्बिटी अँग्लिकन पाद्री. मकेरेरेत त्यांनी दहा वर्षं शिकवलं. १९६९ च्या त्यांच्या ग्रंथात लग्न म्हणजे गेलेले, असलेले आणि अजून जन्मायचे, अशा तिघांच्या भेटीची जागा. मूल नसणं म्हणजे आपल्यापाशी ती साखळी तोडणं, कारण मेल्यावर नाव घेणारं कोणी उरत नाही. नायजेरियाचे इफियानी मेंकिटी १९८४ मध्ये आणखी पुढे गेले. माणूसपण जन्मानं मिळत नाही, समाजातली कर्तव्यं निभावत ते कमवावं लागतं, आणि त्यात नापासही होता येतं. खेड्यातली आई मुलापुढे रडते ती बायबलमधल्या ओवीसाठी नव्हे, या साखळीसाठी. वंशाच्या दिव्याची काळजी आपल्याला काही नवी नाही.

घानाचे क्वामे ग्येक्ये यांनी मेंकिटींना उत्तर दिलं : माणूस समाजात घडतो हे खरं, पण त्याची विवेकबुद्धी आणि निवड करण्याची ताकद समाजानं बहाल केलेली नसते. तत्त्वज्ञ बर्नार्ड मातोलिनो यांनी २०१७ मध्ये ‘समलैंगिक आणि आफ्रिकी’ यांत विसंगती आहे का, हाच प्रश्न घेऊन लेख लिहिला. आफ्रिकीपणाचा एक पक्का साचा गृहीत धरल्याशिवाय ती विसंगती दिसतच नाही, असा त्यांचा रोख. मला मात्र साखळीवाल्यांनाच विचारावंसं वाटतं. नायजेरियातल्या इग्बो समाजात एखादी बाई वधूमूल्य देऊन दुसऱ्या बाईशी लग्न लावी, आणि त्या बायकोची मुलं या ‘नवऱ्या’च्या घराण्यात मोजली जात. मानववंशशास्त्रज्ञ इफी अमादियुमे यांनी १९८७ मध्ये न्नोबी गावातली ही रीत मांडली. तिचा अर्थ समलैंगिकता असा लावणाऱ्यांवर त्या संतापल्याही. त्यांचं म्हणणं मान्य. पण वारस मिळवायला रक्ताचीच वाट लागते असं नाही, एवढं तरी त्यातून दिसतं. आणि नामुगोंगोचे हुतात्मे? ल्वांगा निपुत्रिक गेला, किझिटो तर पोरच होता. तरी आज घराघरांत मुलांना त्यांची नावं ठेवतात. समाजाच्या मनात आलं, की निपुत्रिकही पूर्वज होतो.

समाजाच्या मनात असं कसं येतं, याचं एक उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं. सेबोकेंगचा सायमन न्कोली हा कृष्णवर्णीय कार्यकर्ता १९८४ मध्ये वर्णद्वेषी राजवटीच्या तुरुंगात गेला. डेल्मासच्या राजद्रोह खटल्यात २२ आरोपी होते आणि डोक्यावर फाशीची टांगती तलवार. तुरुंगात त्यानं सोबत्यांना आपण समलैंगिक असल्याचं सांगितलं. काही जण बिथरले. याच्यामुळे आपली बाजू लंगडी पडेल, याचा खटला वेगळा चालवा, इथवर गोष्ट गेली. वादावादी बरेच दिवस चालली, आणि शेवटी सगळे एकत्रच पिंजऱ्यात उभे राहिले. त्यांतले ‘टेरर’ लेकोटा पुढे मंत्री झाले. राज्यघटनेच्या समतेच्या कलमात लैंगिक कल हा शब्द आला, त्यामागे सायमनचं धैर्य होतं, असं ते सांगत. अर्थात घटनेचा हात सगळीकडे पोचत नाही. राष्ट्रीय संघातून खेळलेली, उघडपणे समलैंगिक म्हणून जगणारी फुटबॉलपटू युडी सिमेलाने हिचा २००८ मध्ये क्वाथेमा वस्तीत बलात्कार करून खून झाला.

न्कोली १९८८ मध्ये निर्दोष सुटला. दोन वर्षांनी जोहान्सबर्गमध्ये आफ्रिकेतला पहिला प्राइड मोर्चा निघाला. काही जण ओळख पटू नये म्हणून डोक्यावर कागदी पिशव्या चढवून आले होते. न्कोलीनं त्या गर्दीला सांगितलं, की मी काळा आहे आणि समलैंगिक आहे, आणि या दोन्ही लढाया मला एकमेकींपासून सोडवता येत नाहीत.