गव्हाणीला कोपीचे छप्पर हवे

नाताळ तोंडावर आला आणि बारामती-इंदापुरातल्या ख्रिस्ती घरांवर चांदण्या चढल्या. मत्तयाच्या शुभवर्तमानातला तारा पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना बेथलेहेमला घेऊन गेला; ही चांदणी त्याचीच. झाड आले जर्मनीतून. तिथे २४ डिसेंबरला आदाम-हव्वेचे नाटक होई, त्यात सफरचंदे टांगलेला हिरवा वृक्ष असे. आजचे लाल गोळे त्या फळांचे वारस मानले जातात. जिथे माणूस चुकला, ते झाड तारणाऱ्याच्या जन्माला साक्षी राहिले.

पण या साऱ्या सजावटीत मला सर्वांत मोलाची वाटते ती गव्हाणी. १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावात संत फ्रान्सिसने खरे गवत, खरा बैल आणि खरे गाढव आणून ती मांडली. नवजात बाळाने सोसलेली गैरसोय त्याला डोळ्यांनी पाहायची होती. लूकने बैल-गाढवाचा उल्लेखही केलेला नाही. उतारशाळेत जागा नव्हती म्हणून बाळाला गव्हाणीत ठेवले, एवढेच तो सांगतो. जनावर धन्याला ओळखते, माणूस मात्र ओळखत नाही, ही यशया संदेष्ट्याची खंत; तिच्यातून ही मुकी जोडी देखाव्यात आली.

आपल्याकडे या गव्हाणीवर थर्माकोलचा बर्फ पडतो, हे मला खटकते. डिसेंबरात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांचे गाळप जोरात असते. बीडकडून आलेली कोयत्याची बिऱ्हाडे कोप्यांत राहतात. बाहेर बैल वाढे खात असतात, आत पोटुशी बाई थंडीत चूल पेटवते. दिवस भरत आले तरी मोळ्या उचलणाऱ्या आणि कोपीतच बाळंत होणाऱ्या बाया या पट्ट्याला नव्या नाहीत. मरिया आणि योसेफ सरकारी नावनोंदणीसाठी गाव सोडून निघाले होते, ही माणसे उचल फेडायला निघतात. आसरा मात्र दोघांनाही गोठ्याच्या तोलाचाच मिळतो.

म्हणून यंदा चर्चमधली गव्हाणी पाचटाच्या कोपीत मांडावी, पुढ्यात वाढे टाकावेत. नाताळची गाणी गात घरोघरी फिरणाऱ्या तरुण संघाने एक रात्र कोप्यांवरही जावे. जाताना उबदार कपडे न्यावेत, आशाताईंना सोबत घ्यावे. कुणाचे दिवस भरले आहेत, कोणत्या बाळाची लस राहिली आहे, याची विचारपूस करावी आणि गरज पडली तर दवाखान्यापर्यंत गाडीही द्यावी. फ्रान्सिसला गव्हाणीतून जे दाखवायचे होते, त्याची दखल अशीच घेतली जाईल.