पत्ता स्वतःच्या नावाचा, मेल नेहमीच्या जीमेलमध्ये

मुंबईतला लोखंड-पोलादाचा व्यापार शहराबाहेर नेण्यासाठी सिडकोने कळंबोलीत स्टील मार्केट वसवले. अशा बाजारात पेढीच्या नावाला मोल असते. तरीही व्हिजिटिंग कार्डावरचा ईमेल पत्ता अनेकदा जीमेलचा किंवा रेडिफमेलचा असतो.

यात धोका आहे. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने (व्हीएसएनएल) देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा पत्त्याच्या शेवटी ‘व्हीएसएनएल’ असणे प्रतिष्ठेचे होते. 2002 मध्ये या कंपनीचा ताबा टाटा समूहाकडे गेला आणि 2008 मध्ये तिचे नावही बदलले. ‘ॲट’नंतरचे नाव ज्याचे, पत्त्यावर हुकमत त्याची.

म्हणून हे नाव, म्हणजे डोमेन, स्वतःचे असावे. डॉट इन डोमेनचा कारभार निक्सी ही भारतीय संस्था पाहते. 2014 पासून देवनागरीतले ‘डॉट भारत’ही मिळते. डोमेन घेतले म्हणजे वेगळा मेलबॉक्स विकत घ्यावाच लागतो, असे नाही. फॉरवर्डिंग लावले की ‘विक्री’ किंवा ‘हिशेब’ अशा पत्त्यांवर आलेले मेल रोजच्या जीमेलमध्ये येऊन पडतात. क्लाउडफ्लेअरसारख्या कंपन्या ही सोय फुकट देतात.

सगळ्याची किल्ली आहे डीएनएसमधल्या, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीतल्या, एमएक्स नोंदीत. या डोमेनचे मेल कोणत्या सर्व्हरने घ्यायचे, ते ती नोंद जगाला सांगते. तिथे फॉरवर्डिंग सेवेने दिलेली नावे भरायची, जुन्या नोंदी काढायच्या आणि ज्या जीमेलवर मेल हवेत त्याची खातरजमा करायची. बदल सगळीकडे पोहोचायला कधी काही मिनिटे, कधी काही तास लागतात. नंतर दुसऱ्याच खात्यावरून चाचणीचा मेल पाठवावा.

खरी अडचण पुढे येते. फॉरवर्ड झालेला मेल मूळ पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून न येता मधल्या सर्व्हरवरून येतो. त्यामुळे सर्व्हरला त्या नावाने मेल पाठवायची परवानगी आहे का हे पाहणारी एसपीएफ ही तपासणी फसू शकते आणि ग्राहकाची खरी विचारणा स्पॅममध्ये जाते. डीकेआयएम ही डिजिटल सही मात्र, मजकुराला हात लागला नाही तर, टिकते. चांगल्या सेवा पाठवणाऱ्याचा तांत्रिक पत्ता बदलून एसपीएफची अडचणही सोडवतात. तरी सुरुवातीचे काही आठवडे स्पॅमचा कप्पा रोज पाहावाच. शिवाय फॉरवर्डिंग फक्त येणाऱ्या मेलसाठी असते. उत्तर डोमेनच्या पत्त्यावरून जायला हवे असेल, तर मेल पाठवणारी एसएमटीपी सेवा वेगळी जोडावी लागते.

डोमेनची मुदत चुकवू नका. ते सुटले आणि दुसऱ्याने घेतले, तर तुमची बिले, कोटेशन आणि पासवर्ड बदलण्याच्या लिंकही त्याच्याकडे जातील. आणि वेबसाइट करून देणाऱ्याला डोमेन त्याच्या नावावर घेऊ देऊ नका. नोंदणी स्वतःच्याच नावावर करा.