अनुदानाचा अर्ज आणि आपली साक्ष

नंदगडसारख्या गावी लोक धर्मगुरूंकडे केवळ प्रार्थनेसाठी येत नाहीत. कोणी शिवणवर्गाची मागणी करतो, कोणी सभागृहाच्या छपराची, तर कोणी मुलांच्या अभ्यासिकेची. वर्गणीतून एवढे सारे भागत नाही. मग प्रश्न उद्भवतो : ग्रामपंचायतीकडे वा शासनाकडे मागावे काय, आणि कोणत्या मर्यादेत?

पवित्र शास्त्रात या प्रश्नाला आधार सापडतो. एज्राने राजाने दिलेले सोने-रुपे स्वीकारले; परंतु वाटेतील संरक्षणासाठी स्वार मागण्याची त्याला लाज वाटली, कारण देवच आपला रक्षणकर्ता आहे असे त्याने राजापाशी बोलून दाखविले होते. उलटपक्षी नहेम्याने राजाकडे पत्रे व लाकूड मागितले. अर्थात मागणे हे अश्रद्धेचे लक्षण नव्हे. ज्या मागण्याने आपली साक्ष खोटी ठरते, ते टाळावयाचे.

आता कायदा पाहू. भारतीय घटनेच्या २७ व्या अनुच्छेदानुसार, एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी खास राखून ठेवलेला कर देण्यास कोणालाही भाग पाडता येत नाही. २८२ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक प्रयोजनासाठी अनुदान देण्याची मुभा केंद्र व राज्य यांना दिली आहे. कर्नाटकात अल्पसंख्याक कल्याणाच्या योजनांतून ख्रिस्ती समाजासाठी चर्चदुरुस्ती व समुदाय भवने यांनाही साहाय्य दिले गेले आहे. मात्र प्रत्येक निधीचा नियम निराळा असतो. १९९३ साली सुरू झालेल्या खासदार निधीतून प्रार्थनास्थळातील, तसेच धार्मिक संस्थेच्या मालकीच्या जागेवरील काम करता येत नाही. म्हणून जागा कोणाच्या नावे आहे, हे प्रथम पाहावे.

ग्रामपंचायतीचा मार्ग १९९३ च्या कर्नाटक पंचायत राज कायद्याने आखून दिला आहे. गावाच्या गरजा वॉर्डसभेत मांडल्या जातात व पुढे ग्रामसभेत त्यांचा प्राधान्यक्रम ठरतो. या सभांना आपण गैरहजर राहावयाचे आणि मागाहून पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या टेबलावर अर्ज ठेवावयाचा, हे योग्य नव्हे. अर्जासोबत संस्थेचे नोंदणीपत्र, मंडळाचा ठराव, जागेचा उतारा, मागील वर्षांचे तपासलेले हिशेब, कामाचे अंदाजपत्रक व बँक खात्याचा तपशील जोडावा. आपला स्वतःचा वाटा किती, हेही स्पष्ट लिहावे.

भाषेविषयी एक सूचना. १९५६ पूर्वी हा भाग मुंबई राज्यात होता. त्यामुळे जुनी कागदपत्रे पुष्कळदा मराठीत आढळतात. घटनेच्या ३५० व्या अनुच्छेदानुसार गाऱ्हाण्याचे निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. परंतु अनुदानाचा अर्ज हे गाऱ्हाणे नव्हे. तो कन्नडमध्ये द्यावा, जुन्या कागदांचा अनुवाद जोडावा, आणि मराठी प्रत आपल्या लोकांना वाचून दाखवावी. आपल्या नावाने काय मागितले गेले, हे त्यांना कळलेच पाहिजे.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने ‘चर्चच्या सभागृहाची दुरुस्ती’ असा विषय घालून एक अर्ज केला होता. तो परत आला. दोष लेखकाचाच होता. त्या सभागृहात संध्याकाळी सर्व जातिधर्मांची मुले अभ्यासाला बसत, आणि अर्जात त्यांचा उल्लेखही नव्हता! येथे शब्दांची चलाखी सुचवावयाची नाही. मुले बसत नसतील तर तसे लिहू नये. बसत असतील तर तीच अर्जाचा खरा विषय होत. आणि पैसा मिळाल्यावर दार केवळ आपल्याच मुलांना उघडले, तर तो नियमभंग तर होयच, शिवाय शेजाऱ्याची फसवणूकही होय.

शेवटी हिशेब. एज्राने सोने-रुपे याजकांच्या हाती तोलून दिले आणि यरुशलेमात पोहोचल्यावर ते पुन्हा तोलून नोंदविले गेले. पौलानेही वर्गणी नेताना, कोणी बोट दाखवू नये म्हणून सोबती घेतले. विनियोग प्रमाणपत्र म्हणजे हेच दुसऱ्यांदा तोलणे. पावत्या जपून ठेवाव्यात, खाते दोघांच्या सहीचे असावे, आणि खर्चाचा तक्ता चर्चच्या दारावर लावावा. अनुदान नाकारले गेले तर काम लहान करता येते. गावाचा विश्वास एकदा गमावला, तर तो कोणत्याही अर्जाने परत मागता येत नाही.