घरातला कॅमेरा

रोलच्या काळात घरच्या बायकांचे फोटो स्टुडिओवाल्याच्या हातून जात. म्हणून बऱ्याच घरांत निकाहाच्या वेळी अम्मी, खाला कॅमेऱ्यासमोर यायच्याच नाहीत. आज त्यांचा चेहरा नातवंडांना दाखवायला एक फोटो नाही. छोट्या डिजिटल कॅमेऱ्यातले फोटो घरातच राहतात, आम्हाला तरी हाच त्याचा मोठा फायदा वाटतो.

अंधेरी-घाटकोपरला भाव काढून मग फोर्टच्या बोरा बाजारातही विचारावा. सीएसटीहून पायी जाता येतं. दुकानदार आधी मेगापिक्सेल सांगेल. त्यात अडकू नये. ४ बाय ६ इंचांच्या प्रिंटला २ मेगापिक्सेल पुरतात, ८ बाय १२ला साधारण ९. झूम विचारावा तो ऑप्टिकल. डिजिटल झूम म्हणजे नुसता कापून मोठा केलेला फोटो. आपल्या खोल्यांत उजेड बेताचाच, तेव्हा दुकानाच्या आतल्या बाजूला फ्लॅश बंद करून दोन-चार फोटो काढून पाहावेत. पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी नसेल तर स्वस्ताईला भुलू नये. जुना घेत असाल तर त्याची बॅटरी अजून मिळते का, ते आधी बघा.

प्रिंटसाठी मात्र अख्खं कार्ड कुणाला देऊ नका. डिलीट केलेले फोटोही त्यातून परत काढता येतात. निवडलेले तेवढेच नव्या पेनड्राइव्हवर न्यावेत.