शितावरून हृदयाची परीक्षा

गैरसमज : बायॉप्सीत दाह दिसला नाही, म्हणजे हृदयाच्या स्नायूला दाह नाहीच.

वस्तुस्थिती : शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातला भात सगळीकडे सारखाच शिजतो. मायोकार्डायटिसचं, म्हणजे हृदयाच्या स्नायूच्या दाहाचं, तसं नाही. स्नायू इथे सुजलेला, तर बोटभर अंतरावर धडधाकट. मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेतून सरकवलेला बारीक चिमटा तुकडे उचलतो ते जेमतेम 1-2 मिलिमीटरचे. याच आजाराने दगावलेल्यांच्या हृदयांतून शवविच्छेदनावेळी असे तुकडे घेऊन तपासले, तेव्हा एका तुकड्यावरून निदान झालं सुमारे 25 टक्केच वेळा. पाच तुकडे घेतले तर दोन-तृतीयांश. 80 टक्क्यांच्या पुढे जायला सतराहून जास्त तुकडे लागले! जिवंत माणसाच्या हृदयातून इतके कोण काढणार? तेव्हा रिपोर्टमधल्या 'दाह आढळला नाही' या ओळीचा अर्थ एवढाच, की या तुकड्यांत आढळला नाही.

गैरसमज : पांढऱ्या पेशी दिसल्या की निदान पक्कं.

वस्तुस्थिती : लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी तुरळक प्रमाणात निरोगी हृदयातही असतात. 1986च्या 'डॅलस निकषां'नुसार पेशींच्या घोळक्याबरोबर शेजारचा स्नायुतंतू मेलेला किंवा झिजलेला दिसावा लागतो, आणि तोही रक्तपुरवठा तुटल्यामुळे नव्हे. घोळका आहे पण तंतू शाबूत, तर 'सीमारेषेवरचा' मायोकार्डायटिस. एकाच स्लाइडवर मातब्बर पॅथॉलॉजिस्टांचंही एकमत होत नसे. म्हणून आता विशिष्ट प्रतिपिंडांनी पेशी रंगवून चक्क मोजतात. युरोपातल्या हृदयतज्ज्ञांनी 2013मध्ये घातलेली मर्यादा अशी : चौरस मिलिमीटरला किमान 14 पांढऱ्या पेशी, त्यात टी-लिम्फोसाइट 7 किंवा जास्त.

गैरसमज : सूक्ष्मदर्शकात विषाणू दिसतो.

वस्तुस्थिती : साध्या सूक्ष्मदर्शकात नाही. त्यासाठी ऊतीची पीसीआर चाचणी लागते.

गैरसमज : एमआरआय असताना बायॉप्सी कशाला?

वस्तुस्थिती : बऱ्याच रुग्णांना ती खरोखरच लागत नाही. एमआरआय सूज आणि व्रण दाखवतो. दाह कोणत्या पेशींचा, ते सांगत नाही. बायॉप्सीत इओसिनोफिल दिसले तर औषधाची दिशाच बदलते. अनेक केंद्रकं असलेल्या अजस्र पेशी, म्हणजे जायंट सेल, दिसल्या तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं ताबडतोब सुरू करावी लागतात. नुकतंच हृदय निकामी होऊ लागलंय, रक्तदाब कोसळतोय किंवा ठोके धोकादायकरीत्या बिघडलेत, अशा रुग्णाची बायॉप्सी डॉक्टरांनी सुचवली, तर 'एमआरआय झालाय की' म्हणून ती टाळू नका.