विश्लेषण : फॅशन मासिकाच्या मुखपृष्ठावर कोणाला किती जागा, हे कसे ठरते?

जानेवारी २०२१. कमला हॅरिस यांच्या अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या शपथविधीला जेमतेम दहा दिवस उरले होते. त्याच सुमारास ‘व्होग’च्या फेब्रुवारीच्या अंकाची दोन मुखपृष्ठे समाजमाध्यमांवर पसरली आणि वाद पेटला. व्यक्ती एकच, छायाचित्रकारही एकच. तरी एका मुखपृष्ठाचे कौतुक झाले आणि दुसऱ्यावर टीकेची झोड उठली. असे का झाले? आणि मुळात अशा पानाची मांडणी कोणत्या हिशेबाने केली जाते?

हॅरिस यांच्या मुखपृष्ठावरून वाद का झाला?

छापील अंकासाठी निवडलेल्या छायाचित्रात हॅरिस गडद जाकीट आणि कॉन्व्हर्सचे कॅनव्हास बूट घालून उभ्या होत्या. मागे गुलाबी आणि हिरवे कापड सोडलेले होते. हे रंग त्यांच्या महाविद्यालयीन काळातील कृष्णवर्णीय विद्यार्थिनींच्या संघटनेचे. डिजिटल मुखपृष्ठावर त्या फिकट निळ्या सूटमध्ये, हाताची घडी घालून, सोनेरी पार्श्वभूमीवर दिसत होत्या. निळ्या सूटमधील छायाचित्रच छापले जाईल अशी त्यांच्या चमूची समजूत होती, असे तेव्हाच्या बातम्यांत म्हटले होते. पहिल्या छायाचित्रातून त्यांचा सहज, आपलासा वाटणारा स्वभाव दिसतो, असे मासिकाचे म्हणणे होते. नंतर निळ्या सूटचे मुखपृष्ठ असलेली मर्यादित छापील आवृत्तीही काढण्यात आली.

चर्चा झाली ती कपड्यांची आणि प्रकाशयोजनेची. पण खरा फरक मांडणीतही होता. पायांतील बुटांपर्यंत पूर्ण आकृती दाखवायची म्हटले की चेहरा लहान होतो आणि पानाचा मोठा भाग पार्श्वभूमीकडे जातो. कंबरेपासून वरचे छायाचित्र घेतले की चेहरा मोठा होतो आणि डोळे पानाच्या वरच्या भागात येतात. एका पानावर माणूस प्रसंगाचा भाग वाटतो, दुसऱ्यावर तोच प्रसंग असतो. अमेरिकेच्या उपाध्यक्षपदावर बसणाऱ्या पहिल्या महिलेसाठी हा फरक साधा नव्हता.

मुखपृष्ठावर काय काय मावावे लागते?

मासिकाचे नाव म्हणजे मास्टहेड, महिना आणि किंमत, मुख्य छायाचित्र, मुख्य मथळा, आतल्या लेखांची ओळख करून देणाऱ्या ओळी म्हणजे कव्हरलाइन्स आणि बारकोड. हे सगळे साधारण आठ इंच रुंद आणि अकरा इंच उंच पानावर बसवायचे असते. शिवाय छपाईनंतर कागद कापला जातो, त्यात थोडेफार इकडेतिकडे होते. म्हणून छायाचित्र कापायच्या रेषेबाहेर साधारण ३ मिलिमीटर वाढवून ठेवतात, त्याला ‘ब्लीड’ म्हणतात. महत्त्वाची अक्षरे मात्र रेषेच्या बरीच आत घ्यावी लागतात.

स्टॉलवर मासिके एकावर एक सरकवून ठेवलेली असतात. अनेकदा वरची किंवा डावी पट्टीच तेवढी दिसते. म्हणून नाव वर असते आणि विक्रीच्या दृष्टीने महत्त्वाच्या ओळी बहुतेक वेळा डावीकडे असतात.

मॉडेलचे डोके मासिकाच्या नावावर का येते?

डोके नावाच्या पुढे आले की पानाला खोली येते. नाव मागे, माणूस पुढे असे थर डोळ्यांना जाणवतात. पण ही चैन ओळख झालेल्या मासिकालाच परवडते. १८९२ मध्ये सुरू झालेल्या ‘व्होग’ची मधली अक्षरे झाकली तरी वाचक नाव ओळखतो. नव्या मासिकाने तसे केले तर ग्राहकाला नावच कळणार नाही.

याचे गाजलेले उदाहरण म्हणजे ‘हार्पर्स बझार’चा सप्टेंबर १९९२ चा अंक. कलादिग्दर्शक फाबियां बारों यांनी मासिकाची मांडणी नव्याने केली होती. मुखपृष्ठावर लिंडा इव्हँजेलिस्टा यांचा वर गेलेला हात नावातील एका ‘ए’ला जागेवरून ढकलतो आहे असे दिसते. भोवती बरीच जागा मोकळी आणि मजकूर अगदी थोडा. गर्दी करणाऱ्या मासिकांच्या रांगेत हे पान शांतपणामुळे वेगळे ठरले.

रिकामी जागा हाही मांडणीचा भाग असतो, हे त्याआधीच सिद्ध झाले होते. जानेवारी १९५० च्या ‘व्होग’साठी अर्विन ब्लुमेनफेल्ड यांनी चेहऱ्याचा एक डोळा, भुवई, ओठ आणि तीळ एवढेच ठेवले. बाकी चेहरा पुसल्यासारखा पांढरा. तरी पाहणारा मनातल्या मनात पूर्ण चेहरा उभा करतो.

देवनागरीत हेच का कठीण जाते?

रोमन कॅपिटल अक्षरे एका उंचीत बसतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार येतात. त्यामुळे नावाला जास्त उंची लागते, किंवा अक्षरे लहान करावी लागतात. डोके पुढे आणले की शिरोरेषा तुटते आणि शब्दच बदलतो. १९३० मध्ये सुरू झालेल्या ‘स्त्री’ची वेलांटी झाकली तर उरते ‘स्त्र’. ‘माहेर’ची मात्रा झाकली तर ‘माहर’. ‘गृहशोभिका’मध्ये तर ऋकार, ओकार आणि वेलांटी एकाच शब्दात येतात. म्हणून इंग्रजी मासिकाची मांडणी जशीच्या तशी उचलून मराठी नावाला लावता येत नाही.

फॉन्ट आणि बारकोड यांचे तांत्रिक गणित काय?

फॅशन मासिकांवर ‘डिडो’ वळणाची अक्षरे वारंवार दिसतात. उभी रेघ जाड आणि आडवी रेघ केसासारखी बारीक. मोठ्या आकारात ती देखणी दिसतात. पण छपाईत चार शाया एकावर एक बसतात. त्यांपैकी एखादी किंचित सरकली, तर गडद छायाचित्रावर पांढऱ्या ठेवलेल्या बारीक रेघा भरून जातात. म्हणून लहान ओळींसाठी एकसारख्या जाडीचा फॉन्ट वापरणे सुरक्षित.

बारकोड कोणालाच आवडत नाही, पण स्टॉल आणि मॉलमधील विक्री त्यावर चालते. नियतकालिकांसाठी वापरला जाणारा १३ अंकी बारकोड ९७७ ने सुरू होतो. मोकळ्या कडा धरून त्याचा मूळ आकार ३७.२९ बाय २५.९३ मिलिमीटर असतो. तो ८० टक्क्यांपर्यंत लहान करता येतो. रंगाचेही बंधन आहे. अनेक स्कॅनर लाल प्रकाश टाकतात. पांढऱ्यावर लाल रेघा छापल्या तर स्कॅनरला दोन्ही सारखेच दिसते आणि काहीच वाचता येत नाही. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात पांढरी चौकट दिसते ती यामुळे.

मोबाइलमुळे काय बदलले?

आज अनेक वाचक मुखपृष्ठ पहिल्यांदा पाहतात ते फोनवर. इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलवर एका ओळीत तीन चौकटी येतात, म्हणजे प्रत्येकी सुमारे दोन सेंटिमीटर. सव्वाएकवीस सेंटिमीटर रुंदीचे मुखपृष्ठ तिथे दहापट लहान होते. कागदावर २४ पॉइंटची ओळ फोनवर अडीच पॉइंटहून लहान दिसते, वाचणे अशक्य. उरतात तीन गोष्टी : चेहरा, रंग आणि नाव. म्हणूनच कव्हरलाइन्स कमी करण्याकडे कल वाढला. केवळ डिजिटल मुखपृष्ठावर तर बारकोडचीही गरज नाही.

मुखपृष्ठावरील व्यक्तीला कितपत अधिकार असतो?

पानावर सर्वांत मोठी जागा तिची असते, पण शेवटचा शब्द बहुतेक वेळा संपादकांचा. ऑक्टोबर २०१७ मध्ये लंडनच्या ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’च्या मासिकाच्या मुखपृष्ठावर गायिका सोलांज नोल्स यांच्या डोक्यावरची वेणीची गोलाकार रचना डिजिटल पद्धतीने पुसली गेली. त्यांच्या एका गाण्याचा विषयच कृष्णवर्णीय स्त्रीच्या केसांना हात लावू नका हा होता. पुढच्याच महिन्यात अभिनेत्री लुपिटा न्योंगो यांनी ‘ग्रेझिया यूके’च्या मुखपृष्ठावर आपले केस कापून गुळगुळीत केल्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. मासिकाने माफी मागितली. आपण बदल करायला सांगितले नव्हते, असेही मासिकाने म्हटले. छायाचित्रकारानेही माफी मागितली.

या दोन्ही वेळी कोणाच्या तरी स्क्रीनवर तो बदल ‘आकृती नीट करणे’ एवढाच दिसला असणार. ज्यांचे केस होते त्यांच्यासाठी तो ओळखीचा प्रश्न होता. कायद्याचे संरक्षणही मर्यादित आहे. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून मॉडेलच्या शरीराचा आकार बदललेल्या व्यावसायिक छायाचित्रांवर तसे नमूद करावे लागते. पण हा नियम जाहिरातींसारख्या वापरासाठी आहे. केसांना तो लागू नाही.

म्हणजे निर्णय होतो तो शूटिंगआधीच्या बोलण्यातच. कोणते छायाचित्र छापील अंकावर जाणार, कशाला हात लावायचा नाही आणि अंतिम पान कोणाला दाखवले जाणार, हे आधी लेखी ठरले असेल तरच मुखपृष्ठावरच्या व्यक्तीच्या हाती काही राहते. अंक छापून स्टॉलवर आला की मग उरते ती माफी किंवा दुसरी आवृत्ती.