म्युकरमायकोसिस : कवकाची विकरे आणि प्रतिकारपेशींची ओळखप्रक्रिया

गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनी हा तालुका धानशेतीचा. मळणीनंतर रचून ठेवलेली तणस पावसात भिजली की तिच्यावर बुरशी चढते. ऱ्हायझोपस व त्याच्या गटातील इतर कवके अशाच कुजत्या पदार्थांवर वाढतात. त्यांचे बीजाणू श्वासावाटे सर्वांच्याच नाकात जातात. निरोगी माणसास त्यांचा बहुधा उपद्रव होत नाही. मात्र २०२१ मध्ये कोविड झालेल्या मधुमेही रुग्णांत याच कवकांमुळे म्युकरमायकोसिस मोठ्या प्रमाणावर आढळला. महाराष्ट्रास त्याची तीव्र झळ बसली, आणि २० मे २०२१ रोजी केंद्र शासनाने साथरोग अधिनियम, १८९७ अन्वये हा रोग अधिसूचित करण्यास राज्यांना सांगितले. लोकांनी त्यास 'काळी बुरशी' म्हटले. वस्तुतः काळी पडते ती रक्तपुरवठा खुंटलेली ऊती, बुरशी नव्हे.

कवकाची पेशीभित्तिका त्याच्या विकरांकडून घडविली जाते. कँडिडा व ॲस्परजिलस यांच्या भित्तिकेत ग्लुकान सिंथेज या विकराने तयार केलेले बीटा-ग्लुकान विपुल असते. भक्षकपेशींवरील डेक्टिन-१ हा ग्राही नेमका तेच ओळखतो, हे गॉर्डन ब्राऊन व सायमन गॉर्डन यांनी २००१ मध्ये दाखविले. ऱ्हायझोपसच्या भित्तिकेत मात्र हे द्रव्य अत्यल्प. तेथे कायटिन असते, व कायटिन डीॲसिटिलेज हे विकर त्यातील ॲसिटिल गट काढून त्याचे कायटोसानमध्ये रूपांतर करते. तंतू फुटल्यानंतर डेक्टिन-१ त्यास काही अंशी ओळखतो. सुप्त बीजाणूची ओळख मात्र क्षीणच राहते.

भक्षकपेशी बीजाणूस गिळते, परंतु त्यावरील मेलॅनिनमुळे पचवू शकत नाही. तिच्या हाती एकच उपाय उरतो, तो म्हणजे लोह न देणे. लोहाअभावी बीजाणू अंकुरत नाही. अनियंत्रित मधुमेहात रक्त आम्लधर्मी झाले की ट्रान्सफेरिनची लोहावरील पकड सैल होते आणि हा पहारा मोडतो. कीटोन रिडक्टेज या विकरामुळे अशा शर्करायुक्त, आम्लधर्मी वातावरणातही ऱ्हायझोपस वाढू शकतो. त्यात स्टेरॉइडने भक्षकपेशी आणखी दुर्बल होतात. मुंबई असो वा नागपूर, २०२१ च्या रुग्णांत मधुमेह व स्टेरॉइड ही जोडी वारंवार दिसली ती यामुळेच.

भित्तिकेतील ग्लुकानच्या या उणिवेचा फटका वैद्यकासही बसतो. रक्तातील बीटा-ग्लुकान मोजणारी चाचणी या रोगात बहुधा नकारात्मक येते. ग्लुकान सिंथेजला रोखणारी एकायनोकॅन्डिन वर्गातील औषधेही एकटी वापरल्यास निष्प्रभ ठरतात. म्हणून निदानासाठी ऊतीचा तुकडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. त्यात रुंद, जवळजवळ पडदेविरहित तंतू दिसतात. उपचाराची मदार पेशीपटलातील अर्गोस्टेरॉलवर आघात करणाऱ्या ॲम्फोटेरिसिन-बी वर असते, आणि मे २०२१ मध्ये तुटवडा पडला तो नेमका याच औषधाचा. तंतू रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करीत असल्याने मृत ऊतीपर्यंत औषधही पोहोचत नाही. तेवढा भाग शस्त्रक्रियेने काढावाच लागतो.